पट्ट्यांची भिंत

वीट ही माणसाच्या आळसातून निघालेली वस्तू आहे, असं मनापासून मानणारा माझ्या पाहण्यातला एकच माणूस म्हणजे माझे चुलत सासरे. बायकोचे ते सख्खे काका, म्हणून मीही त्यांना काकाच म्हणत असे. विटेचं नाव काढलं की त्यांचा चेहरा कच्चं कारलं चावल्यासारखा होई. मातीचा गोळा भाजायचा आणि एकावर एक रचत जायचं, यात डोकं कुठे लागतं, असा त्यांचा सवाल असे. ते भिवंडीत एका पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेल्या लूमचे वैद्य. पण जीव जडला होता तो घराच्या आतल्या भिंतींवर. एकदा मालकाने त्यांना एक सुटा भाग आणायला मुंबईला पाठवलं. फोर्टातल्या एका कचेरीत त्यांना कारागीर साहेबांसाठी केबिन बनवताना दिसले. पत्र्याच्या वाकवलेल्या पट्ट्या उभ्या करायच्या आणि त्यांना दोन्ही अंगांनी बोर्ड ठोकायचे, की झाली भिंत. काका दिवसभर तिथेच उभे राहिले. संध्याकाळी तो सुटा भाग न घेताच परत आले. दुसऱ्या दिवशी लूम बंद पडून राहिला आणि काका मात्र मालकाला भिंत कशी करतात ते समजावून सांगत होते.

तेव्हापासून त्यांच्या खिशात कायम एक ओळंबा असे. तो त्यांनी लूमच्या कुठल्याशा वजनापासून बनवला होता. कुणाकडे चहाला गेले तरी आधी भिंतीला ओळंबा लावणार, मग बोटाच्या पेरांनी भिंत वाजवणार, कान लावणार आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात त्या आवाजात म्हणणार, "पोटात गेली हाय." माझ्या लग्नातसुद्धा मंगलाष्टकं चालू असताना वधूकडचे एक गृहस्थ कार्यालयाची भिंत ठोकत फिरत होते. मला वाटलं, ही त्यांच्याकडची काहीतरी रीत असावी.

पत्रा कापून त्याच्या कडा ते रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर स्वतः ठोकून वाकवत. त्या पट्ट्यांना त्यांनी विणकामातलीच नावं दिली होती. उभ्या पट्ट्या म्हणजे ताणा, आडव्या म्हणजे बाणा. "उभा ताना लागला क कापड झालाच समजा," असं ते म्हणत, आणि बहुतेक ठिकाणी त्यांचं काम तेवढ्यावरच थांबे. भिवंडीपासून मानकोलीपर्यंत त्यांच्या अशा कितीतरी भिंती उभ्या होत्या. त्यांतून आरपार दिसत असे, एवढीच काय ती उणीव. बाजारातल्या एका हॉटेलवाल्याने फॅमिली रूमसाठी त्यांच्याकडून भिंत करून घेतली. शेजारच्या कारखान्याच्या भिंतीला काकांच्या पट्ट्या टेकलेल्या होत्या. तिकडे शिफ्ट सुरू झाली की इकडे अख्खी भिंत गुणगुणू लागे आणि टेबलावरचे कप हळूहळू गिऱ्हाइकाकडून मालकाकडे सरकत. हॉटेलवाला तक्रार घेऊन आला तेव्हा काकांनी त्याला कप अर्धेच भरत जा असा सल्ला दिला. तो त्याला इतका पटला की त्याने पुन्हा तक्रार केली नाही.

आमच्या घरी हे प्रकरण आलं ते माझ्या लग्नाच्या चौथ्या महिन्यात. आम्ही राहत होतो ती चाळीतली एक लांबलचक खोली. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला आमची ट्रंक आणि मधे आईची नजर. आई वाईट नव्हती. पण डोळ्यांसमोर सून पीठ मळत असेल, तर पाणी जास्त झालं हे न बोलण्याइतकी ती संतही नव्हती. बायकोने चार महिने ऐकून घेतलं. मग एके सकाळी शांतपणे साड्यांच्या घड्या घातल्या आणि माहेरी अंजूरला निघाली. जाताना म्हणाली, "भिंत झाली की येईन." तिने आदळआपट केली असती तर मला एवढी धास्ती वाटली नसती. ती परत येते की नाही, याच विचाराने मी पुढचे आठ दिवस शाळेत मुलांच्या वह्या चुकीच्या तपासल्या.

नवव्या दिवशी काका पट्ट्यांचा भारा खांद्यावर घेऊन दारात उभे राहिले. एका रविवारात त्यांनी खालची पट्टी जमिनीला ठोकली, वरची तुळईला, आणि मधे वार-वार, म्हणजे तीन-तीन फूट अंतरावर उभ्या पट्ट्या बसवल्या. एका ठिकाणी दाराची चौकटही केली. सोमवारी मला न विचारता अंजूरला गेले आणि भिंत तयार आहे असं बेधडक सांगून पुतणीला रिक्षात घालून घेऊन आले. ती आत आली, पट्ट्यांकडे पाहिलं, पट्ट्यांतून पलीकडे बसलेल्या सासूकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या तिसऱ्या नजरेबद्दल मी इथे काही लिहीत नाही. काका म्हणाले की बोर्ड आठवड्याभरात लागतील, तोवर एकच नियम पाळायचा. "भिंत हाय असा समजून वागायचा. समजली क ती असते."

आठवड्याभरात बोर्ड आले खरे, पण लागेनात. पट्ट्या तीन-तीन फुटांवर आणि बोर्ड चार फूट रुंद. प्रत्येक बोर्डाची एक कड पट्टीवर बसे आणि दुसरी हवेत राही. काकांनी बोर्डाकडे बराच वेळ दयेने पाहिलं आणि जगातलं सगळं कापड वारावर मोजतात, बोर्ड बनवणाऱ्याला एवढीही अक्कल नसावी, असा निकाल दिला. मी शाळेत गणित शिकवत होतो, हे खरं तर इथे सांगायला नको होतं.

मग आम्ही त्या भिंतीसह राहू लागलो. आईला पलीकडे यायचं असलं की ती पळीने पट्टी वाजवी, बायको "या" म्हणे, आणि मग आई शेजारच्या तीन फुटांच्या मोकळ्या जागेतून न येता दहा पावलं चालून चौकटीतून येई. शेजारच्या एक काकू एकदा सरळ पट्ट्यांमधून आत आल्या, तेव्हा भिंतीतून काय येता, दार दिसत नाही का, असं आईने त्यांना सुनावलं. पुढची गंमत अशी की पिठात पाणी जास्त झालेलं आईला पलीकडून स्वच्छ दिसे, पण भिंतीआडचं बोलायचं कसं, म्हणून ती गप्प बसे. बायकोही सुरुवातीला जे काही टोचून बोले ते पट्टीला उद्देशून. पट्टी उलट बोलत नसल्यामुळे भांडण दोन वाक्यांत संपे. महिन्याभराने पट्ट्यांमधून वाटीभर आमटी इकडून तिकडे जाऊ लागली. दोन महिन्यांनी पाहिलं तर दोघी एकाच पट्टीला दोन बाजूंनी पाठ टेकून तांदूळ निवडत होत्या आणि माझ्या घोरण्यावर त्यांचं एकमत झालं होतं.

यात हाल झाले ते माझे. नव्या नवऱ्याला बायकोशी दोन शब्द बोलायचे तर मांजरपाटाचे पडदे लावावे लागत, आणि पडदा लावला की आई मोठ्याने स्तोत्र म्हणू लागे. शेवटी मी एका सुताराला बोलावून भिंत दाखवली आणि ती कुणी केली तेही सांगितलं. त्याने बोटं मोडत सांगितलं, "बोर्ड कापा नाहीतर पट्ट्या सरकवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, मास्तर. जॉबर माणसाला हे कळलं नाही असं होणार नाही." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुतातला केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा माणूस फुटाची चूक कशी करेल? मी तणतणत अंजूरला गेलो.

काकांचं घरही अंजूरलाच होतं, पण तिथे मी पहिल्यांदाच जात होतो. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. आत गेलो आणि जे बोलायचं ठरवलं होतं ते विसरलो. घराच्या मधोमध एक भिंत होती. पांढरी, गुळगुळीत, कुठे सांधा दिसेल तर शपथ. मी काकांसारखंच बोटाने वाजवून पाहिलं. आवाज आला नाही.

काका चहा ठेवत होते. म्हणाले, "तेवढी एकच पुरी केली. पोराला न् सुनेला. आतमधी लूमवरचा वाया गेलेला सूत दाबून दाबून भरला."

मी म्हणालो, मग आमच्याकडे का नाही केली अशी. त्यांनी पातेल्याखालचा जाळ कमी केला. मग भिंतीकडे न बघता सांगू लागले. मुलाचं आणि त्यांचं काही भांडण नव्हतं. फक्त बोलणं कमी झालं होतं. एका रविवारी ते इथेच बसून ओळंब्याला नवी दोरी बांधत होते. दुपारी अंगणात आले तर शेजारी म्हणाला, पोरगा कल्याणला गेला, टेम्पो आत्ताच निघाला.

"कपाट हलवला, पलंग हलवला, भांडी भरली. मी हिकडं हातभर अंतरावर बसलेला. मना काय ऐकू आला न्हाय, जावाय. येवढी चांगली भिंत झालेली."

चहा उकळून वर आला. तो त्यांनी दोन कपांत ओतला, अर्धा-अर्धा. पुढच्या रविवारी येऊन बोर्ड लावून देतो, तुम्हाला त्रास झाला, असं म्हणाले. मला फार अपराधी वाटलं. नको म्हणावंसं वाटलं, पण मला भिंत हवीही होती. मी कप उचलून चहा प्यायला लागलो.

घरी येऊन मी जे ऐकलं ते दोघींना सांगितलं. त्या रात्री आईने स्तोत्र म्हटलं नाही.

रविवारी काका आले. सुताराला मदतीला न घेता दुपारपर्यंत त्यांनी सगळ्या पट्ट्या सरकवल्या, एका अंगाने बोर्ड बसवले आणि सांधे असे जुळवले की मी बघतच राहिलो. मग बरोबर आणलेलं पोतं कोपऱ्यातून ओढलं आणि त्याचं तोंड सोडलं. आत सूत होतं. आई आणि बायको दोघी चौकटीत उभ्या होत्या. आईने सुनेला कोपराने ढोसलं.

बायको म्हणाली, "काका, भिंत पुरी करा. पण आत काय भरू नका."

भिंतीकडे तोंड करून काका खिशात खिळे शोधू लागले. खिळे त्यांच्या पायाशी डब्यात होते. आम्हा तिघांनाही ते दिसत होते, पण कुणी सांगितलं नाही.