दोरीवर वाळणाऱ्या पट्ट्या
शेणखताचा वास आला की राहू गावातला तो उकिरडा आठवतो. कुजणारं पॉलिएस्टर पचवणारं एन्झाइम ज्या जिवाणूत सापडेल, तो मला हवा होता, म्हणून त्याच पॉलिएस्टर प्लास्टिकच्या पट्ट्या मी पावसाळ्याआधी तिथं पुरल्या; त्या खायला आलेला जिवाणू त्यांनाच चिकटलेला मिळाला असता. दिवाळीनंतर काढायला गेलो, तर ज्यांचा उकिरडा, त्या शेतकरी मामांनी खत आदल्याच दिवशी रानात पसरलेलं, आणि पट्ट्या अंगणात दोरीवर वाळत होत्या. "खतात प्लास्टिक ऱ्हाऊ देत न्हाई आम्ही, गुरं खात्यात," मामा म्हणाले. "तुमचं हाय म्हून टाकलं न्हाई, साबणानं घासून ठिवलंय." एका पट्टीची तर चाळण झाली होती. सगळा पावसाळा फुकट गेला होता. राग गिळून मी चहा प्यालो. ती पट्टी अजून माझ्या टेबलावर आहे. तिला खाणारा जिवाणू मात्र मामांच्या मोरीतून वाहून गेला.