सालूबाबनं न सांगितलेलं नाव

सालूबाब गेल्याचं म्हापशाहून त्याच्या मुलीनं, ग्लोरियानं, फोनवर कळवलं, तेव्हा एका तांदूळवाल्याशी माझी घासाघीस चालली होती. फोन ठेवला आणि त्याला म्हटलं, तू म्हणशील तो भाव. असं मी जन्मात कधी केलं नव्हतं.

तेलाच्या भरभराटीच्या दिवसांत सौदीतल्या राबिघच्या कॅम्पात मेसचं कंत्राट माझ्याकडे होतं, पण कफिलाच्या, म्हणजे तिथल्या अरब मालकाच्या नावावर. सालूबाब तिथे टाइमकीपर. मी बांद्याचा, गोव्याच्या सरहद्दीलगतचा, म्हटल्यावर त्यानं स्वतःहूनच सांगून टाकलं, की गोवा पोर्तुगीजांकडे होता तेव्हा तो सरहद्दीवर गुप्त पोलिसांत होता. माझं डोकंच फिरलं. माझा थोरला भाऊ, दादा, सत्याग्रहींची पत्रकं घेऊन गोव्यात पेडण्याला जाताना पकडला गेला होता. तीन वर्षांनी सुटला तो एका कानानं बहिरा होऊन. कुणीतरी आगाऊ खबर दिली होती. आम्ही शेजारच्या बापू गवसावर संशय धरला आणि त्या घराशी बोलणं तोडलं ते कायमचं. सालूबाबला खरं नाव माहीत होतं. "मारणारा मी नव्हतो, पण कागद माझ्या टेबलावरून गेला," एवढंच तो म्हणायचा. मी गोड बोललो, शिव्या घातल्या, महिनाभर त्याच्या ताटात माशाचं शेपूटच वाढायला लावलं... तो मुकाट्यानं जेवायचा. आणि तरी रोज संध्याकाळी बाकड्यावर आम्ही दोघंच. आमच्या मुलखाचं बोलणारं तिथे दुसरं होतं कोण?

मग ग्लोरियाचं लग्न ठरलं. पासपोर्ट सगळ्यांचे कफिलाच्या कपाटात, आणि कफील माझं ऐकायचा. मी म्हटलं, "नाव सांगा, उद्या पासपोर्ट हातात." सालूबाबनं हजेरीची वही मिटली. दमलेला दिसला.

"खरेंच जाय तुका?"

"जाय. हवंच मला."

"पेडण्याच्या मावशीला तू पत्र घातलं होतंस. दादा सोमवारी येतोय, टोपलीत आंब्यांखाली पत्रकं आहेत, कुणाला सांगू नकोस. शाळकरी अक्षर... पलीकडून आलेलं प्रत्येक पाकीट मीच फोडायचो."

तेव्हा मी बारा वर्षांचा होतो.

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट आणून दिला. सुटीवर गेलेला सालूबाब परत आला नाही. मी त्याला लांबलचक पत्र लिहिलं. एवढी वर्षं गप्प राहिलात, मग तेव्हा खोटं का नाही बोललात? बापू गवसाचं नाव घेतलं असतं तर तुमचं काय जाणार होतं? उत्तरात नुसता लग्नाचा फोटो आला. पुढे दादा बापूला दोष देतच वारला, मागोमाग बापूही गेला. माझं तोंड काही उघडलं नाही. राग मात्र सालूबाबवरच राहिला, अजूनही आहे.

गेल्या आठवड्यात म्हापशाला जाऊन आलो. त्याच्या टेबलावर लाइटबिलाचं बंद पाकीट पडलं होतं. ग्लोरिया म्हणाली, "पपा पाकिटाला हातच लावत नसत, अंकल. कसलंही असू दे, मीच फोडायचं आणि वाचून दाखवायचं."

म्हणजे माझं पत्रही. मी विचारलं.

"हो. ते दोनदा वाचायला लावलं."

"काही म्हणाले?"

"म्हणाले, त्याचं बरोबर आहे. खोटं बोलायला हवं होतं."