अमावस्येचा बांध

केदारखेड्यातील तो शेतकरी मी पुजारी असलेल्या देवळावरून जाताना चपला हातात घेई. नमस्कारासाठी मात्र कधी थांबत नसे. दरवर्षी पावसाच्या लोंढ्याने नाल्याकाठच्या शेतांची माती वाहून जाई. ती अडविण्यासाठी गावाने दगडी बांध घालावयाचे ठरविले. श्रमदानासाठी या शेतकऱ्याने वैशाखातील अमावस्या निवडली, कारण त्या दिवशी कोणी औत धरीत नाही.

दिवस उजाडला, तेव्हा तो एकटाच पाया उकरून दगड वाहत होता. मंडळी नाल्याजवळच्या पारावर बसून होती; मीही तिथेच होतो.

"अमावस्येला माती उकरून राह्यला! देव कोपंल की!" एकाने टोमणा मारला.

शेतकरी माझ्याकडे वळला. "महाराज, आजची सुट्टी बैलाला हाय का माणसाला?"

"बैलाला," मी म्हणालो.

"मंग जल्दी सांगा यान्ला. पाऊस काय थांबतो व्हय?"

सांगत बसण्यापेक्षा मी उपरणे कमरेला बांधले आणि नाल्यात उतरून दगड उचलला. तेव्हा पारावरील माणसे एकेक करून माझ्यामागे आली.

त्याने आनंद दाखविला नाही. माझ्या हातातील दगडाकडे पाहून तो म्हणाला, "ह्यो न्हाई, महाराज. बिलकुल बारीक हाय. त्यो मोठा आणा."