बिननांगराचं जहाज आणि आमचा तराफा

आमच्या ह्यांचं जहाज भर समुद्रात नांगर न टाकता एका जागी उभं राहतं, हे मला लग्नानंतर वर्षभराने कळलं. मी परातीत पीठ मळत होते, ती मळता मळता थांबले. तोवर मला वाटायचं, जहाज म्हणजे मुंबईहून निघतं आणि कुठेतरी पोचतं. पण हे परदेशी कंपनीचं जहाज कुठे जायलाच निघालेलं नव्हतं. समुद्राच्या तळावर बटाट्याएवढे काळे गोटे पसरलेले असतात, त्यांत धातू असतो, ते लांबच लांब नळीने वर ओढता येतात का हे बघायचं, एवढंच त्याचं काम. पाणी किती खोल, तर माथेरानसारखे पाच-सहा डोंगर एकावर एक रचले तरी बुडतील. एवढी साखळी आणणार कुठून?

"मग उभं कशाच्या जिवावर राहतं?" मी विचारलं.

तर म्हणे तळाशी एक यंत्र सोडलेलं असतं, ते सारखा आवाज करतं. जहाज तो आवाज ऐकतं. आपण सरकलो हे कॉम्प्युटरला कळतं आणि तो बुडाचे पंखे आपले आपण फिरवून जहाज परत जागेवर आणतो. त्या कॉम्प्युटरची देखभाल करायची नोकरी ह्यांची. सत्तर साल उलटून बरीच वर्षं झाली होती, तरी आमच्या दहिवली गावात तोवर कॉम्प्युटर कुणी पाहिला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "बोलायला काय जातंय!"

सासरे, म्हणजे आबा, मात्र हसले नाहीत. त्यांना ते लगेच पटलं, कारण तेही तेच करायचे. भात झोडून झालं की आमच्या घरचे नदीतून वाळू काढत. पिंपांवर बांबू बांधून केलेला तराफा डोहात न्यायचा. धाकटे सासरे, त्यांना मी काका म्हणायची, कमरेला दोर बांधून बुडी मारायचे आणि तळाशी बादली भरायचे. दोराचं दुसरं टोक तराफ्याला. आबा लांब बांबू रोवून तराफा बरोबर काकांच्या डोक्यावर धरून ठेवायचे. काठावरची चिंच आणि तिच्यामागचा देवळाचा कळस एका रेषेत दिसला, की तराफा जागेवर.

"म्हंजे तुमची चिंच पान्याच्या बुडाला हाय," आबा म्हणाले. "येवढंच ना रं?"

पण आबांची नजर त्या वर्षी गेली होती. मोतीबिंदू. कबूल करतील तर शप्पथ! ताटातली मिरची बोटाने चाचपायचे, म्हणून मला माहीत होतं. ह्यांच्याही ते लक्षात आलं, आणि सुट्टीवर आलेल्या लेकाने बापासाठी सोय केली. मोठा दगड डोहात सोडला, त्याला दोरी, दोरीला तरंगता रिकामा डबा. आता काठाकडे बघायचं कारण नाही. डबा हाताशी ठेवायचा, की झालं. आबा खूश. दोन दिवस काम झकास चाललं.

तिसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले. वरच्या वीजघरातून दुपारी पाणी सुटायचं आणि नदी हातभर चढायची, ते रोजचंच होतं. तराफ्यावर आबा आणि हे होते, काकांनी नुकतीच बुडी मारली होती. मी कातळावर बसले, समोर बघितलं, आणि तराफा सरकताना दिसला. ऊन लागलं की काय मला? पुन्हा बघितलं. तराफा आणि डबा, दोघं वरातीतल्या नवरानवरीसारखे जोडीने खाली चालले होते.

"अवो, तराफा चाललाय!"

ह्यांनी डब्याकडे बघितलं. "हाय की जाग्यावर!"

"डब्याला चिकटून हाय, पोरी!" आबा म्हणाले.

दोघं शहाणे पुरुष, डोळे उघडे, मन लावून डब्याकडे बघत होते, आणि वाहत चालले होते. ज्या वाळूवर दगड ठेवला, तीच वाळू काका खालून उपसत होते. दगड सुटून चढत्या पाण्याबरोबर घसरणार नाही तर काय होणार? काकांचा दोर पाण्यात तिरका जाऊन ताठ झाला होता आणि डोकं काही वर येत नव्हतं. तळाशी उंबराचं एक खोड पडलेलं होतं, त्यात तो दोर अडकला होता. तराफा ओढत होता आणि काका खाली बांधले गेले होते.

मी लुगड्यासकट कमरेइतक्या पाण्यात शिरले आणि किंचाळले, "मेल्या, डबा सोड, माझ्याकडं बघ!"

नवऱ्याला मेल्या म्हणायची ती पहिली वेळ. त्या शब्दानेच त्यांनी मान वर केली. मी समोर असायला हवी होते, ती कितीतरी मागे राहिले होते. कोयता उचलून त्यांनी एका घावात दोर तोडला.

काका वर आले ते माझ्याजवळ. ओठ निळे, नाकातून रक्त. मी त्यांना काठावर ओढलं. पाणी ओकून झाल्यावर, तराफा काठाला लावून आबा धावत आले तेव्हा, ते एवढंच म्हणाले, "दादा, कुटं गेल्तास रं?"

आबा म्हणाले, "कुटंच नाय गेलो. आमी हितंच व्हतो."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. तेच मला सहन होईना.

काका वाचले. आठवड्याभरात ह्यांची सुट्टी संपली. बॅग भरताना ते सदऱ्यांच्या घड्या घालत होते, मी उंबऱ्यात उभी होते. मनात ठसठसत होतं ते विचारलं, "तुमच्या त्या जहाजाच्या खालचं यंत्रच सरकलं, तर काठावरनं ओरडणारं कोण असतं?"

त्यांनी हातातली घडी पुरी केली, ती बॅगेत ठेवली.

"तिथं काठ नसतो गं," ते म्हणाले.