मडकं ज्याच्या हातात, तोच बोलणार

आधी ते चहाचे कप खाली ठेवा बरं. मागं एकदा हे सांगत होतो, तर आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता. आणि शर्ट माझा होता!

तर मंडळी, मी जन्मात एकदाच मीटिंगचा अध्यक्ष झालो. एकदाच! पुन्हा कुणी विचारलंच नाही. का, ते ऐका.

आमची वाडी भांडगाव आणि वरवंडच्या मधी, अगदी सोलापूर रोडला खेटून. दौंडच्या एसट्या दिवसभर आमच्या तोंडावर धूर सोडून जायच्या, पण थांबायची एक नाही. थांबाच नव्हता ना! आता का नव्हता? तर आबा आणि तात्या या दोन थोर माणसांमुळं.

आबा वरच्या आळीचे. खांद्यावर बारा महिने घोंगडं, उन्हाळ्यातसुद्धा. त्यांचं म्हणणं, थांबा चिंचेखाली पाहिजे. तात्या खालच्या आळीचे, दूध डेअरीचे चेअरमन. त्यांना थांबा डेअरीसमोर पाहिजे. दोन्हींत अंतर किती? दोनशे पावलं! मधोमध माझं घर. चार वर्षं दोघंही एसटीच्या ऑफिसात वेगवेगळे अर्ज देत होते, आणि ऑफिसवाले दोन्ही अर्ज एकाच कपाटात टाकत होते.

मला काय त्याचं? मी आठवडाभर सणसवाडीला. तिथं कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर, भाड्याची खोली, गुरुवारी सुट्टीला घरी. पण त्या वर्षी आमची सुनंदा दहावी पास झाली. चांगल्या मार्कांनी हो! दौंडच्या कॉलेजात नंबर लागला. आणि बायकोनं फर्मान काढलं.

"रोज वरवंडपातूर एकटी पोर चालत जाणार? जमायचं न्हाई. गाडी दारात थांबली तर कॉलेज. न्हाईतर शिलाई मशीन घ्या आन् बसवा घरात."

 पोरीनं नव्या वह्यांना कव्हरं घालून ठेवली होती, ती नुसती चापत बसली. मला ते बघवेना. म्हटलं, "थांबा झालाच समज. बाप हाय ना तुझा?"

बोलून गेलो! आणि चारच दिवसांनी एसटीचं पत्र आलं. येत्या गुरुवारी अकरा वाजता साहेब जागा बघायला येणार. गावानं एकमतानं एक जागा दाखवावी, नाहीतर प्रकरण कायमचं बंद.

आता एकमत करायचं म्हणजे मीटिंग आली. मीटिंग म्हणजे अध्यक्ष आला. आबांना तात्या चालेनात, तात्यांना आबा चालेनात. मी म्हटलं, "मी होतो. माझं ट्रेनिंग झालंय."

खोटं नाही! महिन्यापूर्वीच कंपनीत पुण्याहून एक टायवाले सर आले होते. विषय काय? 'मीटिंग प्रभावीपणे कशी घ्यावी.' दिवसभर ट्रेनिंग, दुपारी जेवणात जिलबी. त्यातल्या तीन गोष्टी माझ्या डोक्यात पक्क्या बसल्या होत्या. मीटिंग ठरल्या वेळेला चालू करायची. सगळ्यांनी उभं राहायचं, म्हणजे कुणी लांबण लावत नाही. आणि बोलायचं ते एकानंच, ज्याच्या हातात ती ठरलेली वस्तू असेल त्यानं. बाकीच्यांनी चिडीचूप! सरांनी कंपनीत मार्कर पेन वापरलं होतं.

आमच्या आबांच्या हातात पेन दिलं तर ते दुपारपर्यंत बोलतील. म्हणून मी डोकं चालवलं. वस्तू जड पाहिजे! हात भरून आले की माणूस आपोआप आवरतं घेतो. तांब्या दिला तर लोक पाणी पिऊन मोकळे होतील. इकडंतिकडं बघितलं, तर न्हाणीपाशी बायकोनं बाजारातून आणलेलं नवंकोरं मडकं. भरलं पाण्यानं काठोकाठ!

काय? तुमच्या आत्ताच लक्षात आलं? माझ्या नव्हतं आलं हो! हुशारी चढली की असंच होतं.

गुरुवारी बरोबर नऊला माझ्या अंगणात मीटिंग चालू केली. हजर कोण? मी आणि माझा धाकटा भाऊ बापू. तरी मी अध्यक्ष म्हणून माझं स्वागत केलं. साडेनवाच्या पुढं मग तीस-चाळीस माणसं जमली. अंगण सकाळीच सारवलेलं, म्हणून बायकोनं सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. सतरंज्या मी अंथरूच दिल्या नाहीत.

आबांनी मडक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बाळासाहेब, ह्ये बरं दिसत न्हाई रं."

"आबा, ही नवीन पद्धत हाय. कंपनीत अशीच मीटिंग घेत्यात."

"मडकं घिऊन?"

"मडकं हातात न्हाई, तुम्ही बोलताय कसं?"

आबा गप! जन्मात पहिल्यांदा आबा गप बसले. मला वाटलं, जिंकलो.

आणि खरं सांगतो, मीटिंग अशी झकास चालली म्हणता! लोक मडकं हातात घ्यायचे, हात दुखला की खांद्यावर घ्यायचे, चार वाक्यं बोलायचे आणि "घ्या बाबा" म्हणून पुढच्याला द्यायचे. बाकी सगळे अनवाणी, हात जोडल्यासारखे पुढं धरून, माना खाली घालून उभे. टाचणी पडली तर ऐकू येईल. मी मधोमध. माझी उंची तुम्ही बघताच आहात. बाहेरून मी दिसायचा प्रश्नच नव्हता.

तेवढ्यात रस्त्यानं डेअरीचा रोजचा दुधाचा टेम्पो आला. टेम्पोवाल्यानं आमच्याकडं बघितलं, टेप बंद केला, खाली उतरला, हात जोडले आणि हळूच निघून गेला भांडगावकडं. लोकांच्या फटीतून मला तेवढंच दिसलं. मनात म्हटलं, बघा! मीटिंग शिस्तीत घेतली की बाहेरगावचा माणूससुद्धा मान देतो.

त्या वेळी मडकं कुणाच्या खांद्यावर होतं माहितंय? बापूच्या. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या. माझ्या दारात!

पावणेअकरापर्यंत तात्या जरा मऊ आले होते. आता मडकं पुन्हा तात्यांकडं द्यायचं, आणि ते "बरं बाबा" म्हणाले की झालं, असं मी मनात धरलं होतं. तोच रस्त्यावर करकचून ब्रेक लागला. एसटी! आमच्या दारात एसटी थांबली! चार वर्षांत कधी न थांबलेली! आणि तिच्यातून भांडगावची वीस-बावीस माणसं उतरली. पुढं माझी थोरली बहीण अक्का, पदर तोंडाला लावून.

"आरं माझ्या बाळ्याऽऽ! आरं पन्नाशी तरी गाठायचीस रंऽऽ! दिवाळीला माझ्याशी भांडलास रंऽऽ, आता मी कुणाशी भांडू रंऽऽ!"

गर्दीत मला शब्द काही नीट कळेनात. एवढंच कळलं, की अक्का रडतीय. माझं काळीजच हललं. ही अशी रडतीय म्हणजे दुसरं काय असणार? आमचे दाजी गेले! मी गर्दीतून वाट काढत बाहेर आलो आणि मोठ्यानं गळाच काढला.

"अक्काऽऽ! दाजी कवा गेले गंऽऽ!"

अक्काचं तोंड उघडं ते उघडंच. तिच्या मागून झेंडूचा हार घेतलेले दाजी पुढं आले.

"मी कशाला जातोय? तू गेलायस!"

"मी?"

"टेम्पोवाल्यानं सांगितलं. बापूच्या खांद्यावर मडकं बघितलं म्हणाला."

मी मागं वळलो. अख्खी वाडी उभी, पण एक माणूस तोंड उघडेल तर शपथ! म्हटलं, "अवो, बोला की कुणीतरी! सांगा की ह्यास्नी!"

आबांनी नुसतं बोट दाखवलं. मडकं फिरून पुन्हा बापूकडंच आलं होतं. आणि बापू घाबरून जो ताठला होता, तो मडकं खाली ठेवायचंच विसरला होता!

अक्का पुढं आली. मला वरपासून खालपर्यंत चाचपलं. "जित्ता हायस व्हय रं?" असं म्हणून आधी एक ठेवून दिली कानाखाली. मग मिठी मारून पुन्हा रडली. दाजी म्हणाले, "हार तर आणलाय. फुलवाला काय परत घेणार न्हाई." आणि घातला माझ्या गळ्यात.

आणि त्या गर्दीतून फायल बगलेत मारून एक गृहस्थ पुढं आले. एसटीचे साहेब! त्यांची जीप बंद पडली होती म्हणून ते त्याच गाडीनं आले होते. सबंध वाटभर अक्काचं रडं ऐकत.

"मयत कुणाचं आहे?" साहेबांनी हळूच विचारलं.

आबांनी बापूच्या खांद्यावरचं मडकं हिसकावून घेतलं आणि मगच तोंड उघडलं. "झालं साहेब ते. मिटलं."

"मिटलं? मयत मिटलं?"

"व्हय जी. गैरसमज होता."

साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बरं, मीटिंगचे अध्यक्ष कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. गळ्यात हार, डोळ्यांत पाणी, आणि एका गालावर पाच बोटं. मी नमस्कार केला.

"जागेचं एकमत झालं का?"

 दारात सुनंदा चहाचा ट्रे धरून उभी. काय सांगू? एवढी शिस्त, एवढं मडकं, आणि एकमत झालंच नव्हतं! तिच्याकडं बघायची हिंमत होईना.

साहेबांनीच रस्त्याकडं बघितलं. "चार वर्षं ऐकतोय, वाद आहे, वाद आहे. इथं तर सगळा गाव एका जागी उभा आहे, आणि बावीस पॅसेंजर याच जागी उतरलेत. मग इथंच का नको?"

आबांनी तात्यांकडं बघितलं. मडकं सावरत म्हणाले, "डेअरीपाशी न्हाई ना? मग माझी काय तक्रार न्हाई." आणि मडकं तात्यांना दिलं.

तात्यांनी ते खांद्यावर घेतलं. "चिंचेखाली न्हाई ना? मग माझं अनुमोदन."

झालं एकमत! साहेबांनी उभ्या उभ्या लिहून घेतलं. सुनंदानं ट्रे खाली ठेवला आणि ओट्यावर बसून रडली आणि हसली, दोन्ही एकदम. मी पण रडलो. आता कशाला लपवू? त्या दिवशी माझ्या मयताला मीच सगळ्यात जास्त रडलो असेन.

महिन्याभरात थांबा सुरू झाला. सुनंदा दौंडला जायला लागली. पुढं ती शिकली, नोकरीला लागली, सगळं चांगलं झालं. पाटीवर नाव आमच्या वाडीचंच लिहिलंय. पण त्या दिवशीच्या ड्रायव्हर-कंडक्टरनं सगळ्या डेपोत काय पसरवलं कोण जाणे, एसटीत त्याला कुणी वाडी म्हणेचना. "चला, मयत कोण हाय? मयत उतरा!" असंच ओरडायचे. माझी पोरगी दोन वर्षं "एक मयत" म्हणून पास दाखवत होती!

मागं एका गुरुवारी मी घरी चाललो होतो. कंडक्टर नवीन होता, कोवळा. मी सवयीनं म्हटलं, "एक मयत द्या."

त्यानं तिकीट फाडलं, जरा घुटमळला, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काका, एक विचारू का? त्या थांब्यावर गेलं कोण होतं हो?"

मी तिकीट खिशात ठेवलं. "मीच."

आणि काय सांगू तुम्हाला, त्या पोरानं अशी घंटी मारली, की थांबा यायच्या अर्धा मैल आधीच मी खाली!