पाय असलेलं फूल

ज्याला डोळे नाहीत, मेंदू नाही आणि तोंड एकच, तेही खायला आणि टाकायला सारखंच वापरायचं, अशा प्राण्याला जागा पसंत पडली की नाही हे ओळखायचं कसं? या प्रश्नावर मी एक अख्खा उन्हाळा घालवला. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे उत्तर पुस्तकात सापडेल अशी माझी पक्की समजूत होती.

प्राणी म्हणजे समुद्रफूल. दुकानदार त्याला अ‍ॅनिमोन म्हणतात. आमच्या कर्जतच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आली ती नवऱ्यामुळे. तो रसायनीच्या कारखान्यात पाळ्या करतो. तिथल्या एका सहकाऱ्याची बदली झाली आणि त्याने चार फुटी टाकी, दगड, पंप, दिवे आणि दोन नारिंगी मासे आमच्या गळ्यात घातले. नवऱ्याची हौस दोन आठवडे टिकली. मग सगळा कारभार माझ्याकडे आला. खरं सांगायचं तर मीच तो ओढून घेतला. आमचा जिल्हा समुद्राचा म्हणून ओळखला जातो, पण आमच्या वाट्याला डोंगर आलेत. खिडकीतून माथेरान दिसतं आणि खिडकीच्या आत मी बादलीत पाकिटातलं मीठ ढवळून समुद्र तयार करत बसते.

वर्षभर टाकी सांभाळल्यावर मला धीर आला आणि मुंबईच्या एका दुकानातून मी अ‍ॅनिमोन आणलं. फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, मांडीवर घेऊन. पाण्यात सोडलं तेव्हा ते एखाद्या चुरगळलेल्या मोज्यासारखं दिसत होतं. तासाभरात फुगलं, तपकिरी बोटं पसरली, बोटांच्या टोकांना गुलाबी फुगे आले. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि स्वयंपाक विसरले.

त्याच्या आठवडाभर आधी माझे बाबा आमच्याकडे राहायला आले होते. बाबा कळंबचे, जन्मभर भातशेती केलेले. आई जाऊन सहा वर्षं झाली, आणि मी एकुलती एक. शेत त्यांनी चुलतभावाला वाट्याने दिलं होतं, पण बांधावरून फिरायची खोड गेली नव्हती. तिथेच घसरले आणि गुडघा मोडून घेतला. कुणी येईपर्यंत दुपारभर बांधावर पडून होते. ही गोष्ट ते हसत सांगायचे. आता ते पुन्हा एकटे राहायला गेले आणि पुन्हा पडले तर, याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पण बाबा जुन्या वळणाचे. आमच्याकडे रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळे ती अट कधी संपलीच नाही. वीस वर्षांत बाबा माझ्याकडे कितीदा आले, पण चहा खालच्या टपरीवर पिऊन यायचे आणि जेवायच्या आत उठायचे. आता गुडघ्याने नाइलाज केला, तर येताना स्वतःच्या तांदळाची एक लहान गोण घेऊन आले. "मी माजा तांदूळ खाईन. गोण संपली का जाईन," दारातच त्यांनी सांगून टाकलं. वरचं कालवण आणि पाणी त्यांनी हिशेबात धरलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.

हॉलमध्ये टाकीच्या पलीकडे त्यांची खाट टाकली. टाकी आडवी उभी आहे, एका बाजूने सोफा, दुसऱ्या बाजूने खाट. अ‍ॅनिमोन आलं त्याच दिवशी त्यांनी काचेला नाक लावलं.

"झाड हाय का जनावर?"

"जनावर."

"मंग पाय कुठं हायेत?"

"एकच आहे. बुडाशी. त्याने दगड धरून बसतं."

"एका पायाचं," गुडघ्यावरून हात फिरवत बाबा म्हणाले. "म्हंजे माज्याच जातीचं."

ते जनावर मात्र दगड धरून बसेना. मी त्याला टाकीच्या मधोमध, भरपूर उजेडात, सोफ्यावरून छान दिसेल असं बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते आक्रसून दगडाच्या कडेला लोंबत होतं. मी त्याचा पाय प्लास्टिकच्या पट्टीने अलगद सोडवला आणि पुन्हा मधोमध ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते पंपाच्या दिशेने निघालेलं. पंपात सापडलं तर त्याची चटणी होणार, म्हणून मी पंपाला स्पंज बांधला आणि त्याला परत आणलं. मग वाटलं उजेड जास्त होत असेल, म्हणून डावीकडे ठेवलं. मग प्रवाह कमी पडत असेल, म्हणून उजवीकडे. पंधरा दिवसांत ते मुठीएवढं उरलं आणि त्याचं तोंड उघडं पडलं, जे चांगलं लक्षण नसतं.

त्याच पंधरा दिवसांत मी बाबांची खाट तीनदा हलवली. एकदा खिडकीशी, वारा लागावा म्हणून. एकदा आत, ऊन लागू नये म्हणून. मग परत जागेवर. शाळेतून आल्या आल्या माझा प्रश्न ठरलेला: "बाबा, करमतंय ना?" जेवताना एकदा, झोपायला जाताना एकदा. ते म्हणायचे, "हाय ना बरं."

एका सकाळी मी पुन्हा बाही वर करून टाकीत हात घातला तेव्हा ते खाटेवरून म्हणाले, "आवण लावल्यावर रोज उपटून बगतं का गं कोण, मूळ धरलं का म्हणून?"

आवण म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं. लावल्यावर आठेक दिवस ती पिवळी पडून मरगळतात, आणि शेतकरी बांधावर उभा राहून नुसता बघतो. हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. मी हात बाहेर काढला आणि ठरवलं की आता मेलं तरी हात लावायचा नाही. बाबा फक्त अ‍ॅनिमोनबद्दल बोलत नव्हते, खाटेबद्दलही बोलत होते, हे संध्याकाळी नवऱ्याने समजावून सांगितलं.

चार दिवसांनी अ‍ॅनिमोन दिसेनासंच झालं. मी स्पंज तपासला, दगडांत विजेरी मारली, पाण्याचा वास घेतला, कारण मेलेलं अ‍ॅनिमोन घाण सुटून सगळी टाकी नासवतं. वास नव्हता. दोन दिवस शोधलं, आणि तिसऱ्या दिवशी सोफ्यावर बसून चक्क रडायला आलं मला.

"काय शोधतीस?" बाबांनी विचारलं.

"ते गेलं, बाबा. कुठेच नाही."

"हाय की. हितं."

ते दगडाच्या मागच्या बाजूला, खालच्या खाचेत बसलं होतं. सोफ्यावरून, स्वयंपाकघरातून, टाकीसमोर उभं राहूनसुद्धा दिसणार नाही अशा जागी. दिसत होतं फक्त बाबांच्या खाटेवरून. आणि फुललं होतं! बशीएवढं.

"परवा चालत आलं," बाबा म्हणाले. "सकाळी त्या टोकावर व्हतं, दुपारच्याला हितं. पाय आसा फुगवतं, मंग सरकवतं."

मला आनंद झाला आणि हेवाही वाटला. विज्ञानाची बाई मी, आणि फुलाला चालताना पाहिलं ते बाबांनी. मला सांगायला काय झालं होतं, असं विचारल्यावर म्हणाले, "तू परत उचललं आसतंस."

त्यानंतर ते बघायचं तर मला बाबांच्या खाटेवर जाऊन बसावं लागे. रोज संध्याकाळी आम्ही दोघं शेजारी बसायचो. बाबांचे प्रश्न संपत नसत. झोपतं का? म्हातारं होतं का? मी वाचलेलं सांगायची, की म्हातारं होत असल्याचं कुणाला नीटसं आढळलेलं नाही. दिसतं तसंच कितीतरी वर्षं राहतं. बाबा म्हणायचे, "मंग गुडगा नसंल त्याला." आठवड्यातून एकदा मी कोलंबीचा तुकडा चिमट्यात धरून द्यायची आणि बाबा तो बोटांपाशी न्यायचे. बोटं तुकड्याला चिकटायची, हळूहळू आत वळायची, आणि बाबांचं तोंडही त्याबरोबर मिटायचं.

इकडे गोण उतरत होती. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात रोज आटतं. मीठ मात्र आत तसंच राहतं, म्हणून काचेवरच्या रेघेपर्यंत रोज सकाळी तांब्याभर साधं पाणी घालायचं असतं. एका सकाळी तांब्या रिकामा करताना माझ्या डोक्यात आलं ते आलंच. बाजारातून बाबांच्या तांदळासारखाच जाडा तांदूळ आणला. बाबा अंघोळीला गेले की आधी टाकीत पाणी, मग गोणीत दोन मुठी. हळूच, वरखाली करून. गोण जागच्या जागी राहिली. स्वतःच्या हुशारीवर मी महिनाभर खूश होते.

मेअखेर पेरणीची बोलणी सुरू झाली. चुलतकाकांचे फोन येऊ लागले, आणि बाबा काठी टेकत हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागले. करमतंय का हे विचारायचं मी सोडलं होतं, पण जीव टांगणीला लागला होता. मी मुठी दोनाच्या तीन केल्या.

त्या दिवशी नळाचं पाणी मध्येच गेलं आणि बाबांची अंघोळ लवकर आटोपली. मी मान वर केली तेव्हा ते खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे होते, आणि माझा हात कोपरापर्यंत गोणीत होता.

"आजून दोन मुठी टाक," बाबा म्हणाले. "पेरणीच्या नादात लई खाल्लं जातंय."

मी हात बाहेर काढला. "तुम्हाला माहीत होतं?"

"जलमभर भात पिकवला, बाय. आपल्या गिरणीचा तांदूळ लालसर आसतो. ह्यो पांढराफेक. पयल्या घासालाच कळलं. आन् गोणीची गाठ मी आशी मारीत नाय."

"मग बोलला का नाहीत?"

बाबा खाटेवर टेकले. काचेपलीकडे ते आपल्या खाचेत बोटं पसरून बसलं होतं. बाबा त्याच्याकडे बघत म्हणाले, "बोललो आसतो तर गोण संपली आसती."

मी आणखी दोन मुठी टाकल्या आणि गाठ त्यांनाच मारू दिली.