शील घेऊन सांग

सत्यभामा मेश्रामला एकच खोड होती आणि ती सगळ्या पाऱ्याला, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याला, महाग पडायची. बाई खोटं बोलत नसे. म्हणजे अजिबातच नसे. लग्नात यजमानाने हौसेने विचारावं, "भाजी कशी झाली, दीदी?" आणि हिने वाटीतून मान वर न करता म्हणावं, "खारट." अंगणवाडीत पोरांची वजनं लिहायला बसली की वरची मॅडम दर महिन्याला कुरकुर करायची, "थोडं वाढवून लिहा ना, आपलंच केंद्र काहून कमजोर दिसलं पाहिजे?" सत्यभामा काट्याकडे बोट दाखवायची. "हा वाढवून दाखवन तं मी वाढवून लिहीन." लोक चिडायचे, मागून नावं ठेवायचे. पण अडलं की यायचे तिच्याकडेच. सत्यभामा दीदी बोलली म्हणजे झालं, त्यावर कोणी शब्द काढायचा नाही.

गुढियारीतल्या त्या लहानशा बुद्ध विहारात बावीस वर्षं दर रविवारी सकाळी तीच पुढे बसायची. ती एकेक शील म्हणायची, मागे साठ-सत्तर माणसं ते म्हणायची. विहाराची किल्लीही तिच्याच कमरेला. आणि या विहाराची एक रीत होती, जी दुसरीकडे कुठे नसेल. कोणाचं भांडण मिटेना झालं की दोघांना वंदनेला बसवायचं. पाच शीलं घेऊन झाली रे झाली, की जागेवरून उठू न देता सगळ्यांदेखत विचारायचं, "आता शील घेऊन सांग." नुकतंच तोंडाने 'मी खोटं बोलणार नाही' म्हटलेलं असायचं. भल्याभल्यांची जीभ रेटायची नाही. नळाची भांडणं, हरवलेल्या शेळ्या, मोडलेल्या सोयरिकी, सगळं तिथेच मिटायचं. ही रीत पाडली कोणी? सत्यभामानेच. मोठा अभिमान होता तिला त्याचा.

त्या शनिवारी दुपारी ती अंगणवाडीला कुलूप लावत होती, तेवढ्यात मोनाली आली. मोनाली म्हणजे चार घरं सोडून राहणाऱ्या इंद्रजीतची बायको. लग्नाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. इंद्रजीत उरला इथल्या रोलिंग मिलमध्ये कामाला होता, बाहेर गोड बोलायचा, घरात हात उचलायचा. गेल्या दिवाळीत त्याने तिचा हात मोडला होता. पोरगी पोलीस ठाण्यात गेली, तिथे दोघांना समोर बसवून समजावलं आणि संध्याकाळी त्याच्याच गाडीवर मागे बसवून घरी पाठवलं. आज तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत तव्याचा चटका होता.

"मावशी, आता मारूनच टाकीन म्हणते तो. मी त्याले ओळखते. तो मारते."

सत्यभामाने मोनालीच्या भावाला गोंदियाला फोन लावला. तो म्हणाला, उद्या दुपारच्या आत पोचतो. म्हणजे एक रात्र आणि एक सकाळ काढायची होती. पण काढायची कुठे? सत्यभामाचं घर एका खोलीचं, दार सदा उघडं, येणारा थेट चुलीपर्यंत येणार. तिने विचार केला आणि पोरीला मागच्या बोळातून विहारात नेलं. तिथे मूर्तीच्या भिंतीमागे एक कोठी होती, सतरंज्या आणि जयंतीचे झेंडे ठेवायची. पाण्याची कळशी, बिस्किटं, मलम आत ठेवलं आणि बाहेरून कुलूप घातलं.

पाचच्या सुमाराला इंद्रजीत दारात हजर. मागे त्याची आई, कलावतीबाई, पदर तोंडाला लावून उभी.

"मौसी, मोनाली इधर आई क्या?"

"हे बघ बापा, माझ्या घरात ती नाही. पाहून घे."

त्याने पाहिलं. खाटेखालीसुद्धा वाकून पाहिलं मेल्याने. मग हात जोडून निघून गेला.

सत्यभामाला आधी गंमत वाटली. एकही शब्द खोटा नव्हता! घरात नाहीच ना मोनाली! चहा ठेवताना ती स्वतःशी हसलीसुद्धा. मग दूध उतू गेलं आणि तिचं हसू जागच्या जागी वाळलं. हे खोटं नाही तर काय आहे, बाई? त्याच्या डोक्यात खोटं तूच घातलंस, फक्त आपलं तोंड स्वच्छ ठेवलंस. पोरीसाठी नाही ठेवलंस, आपल्या नावासाठी ठेवलंस. तिला स्वतःचा असा राग आला की तो चहा तिने मोरीत ओतून दिला. आता विचारलं तर सरळ खोटं बोलायचं, तिने ठरवलं. बोलायचंच तर तोंड भरून बोलायचं, अशी चलाखी पुन्हा करायची नाही.

दिवेलागणीला भैय्यालालजी आले. रेल्वेतून रिटायर झालेले, विहार समितीचे अध्यक्ष, देवमाणूस. "सत्यभामाबाई, इंद्रजीत साऱ्या पाऱ्यात बोंबलत फिरून राहिला. उद्या वंदनेत तुम्हाले शील घेऊन विचारतो म्हणते. सांगून टाका एकदा, विषय खतम."

"हव," सत्यभामा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

त्या रात्री तिने सगळ्या वाटा तपासून पाहिल्या. मोनालीला हलवावं, तर इंद्रजीतचे दोस्त विहाराच्या कोपऱ्यावर पानठेल्यावर ठाण मांडून बसलेले. वंदनेला जाऊच नये, तर बावीस वर्षांत न चुकलेली बाई आज चुकली, म्हणजे सांगितल्यासारखंच झालं. चौथं, खोटं न बोलण्याचं शील गाळावं, तर आंधळ्यालाही कळेल. उरली एकच वाट. चौथं शील मोठ्याने घ्यायचं आणि ते तोंडात ओलं असतानाच मोडायचं. तिला रडू आलं, खोटं कशाला सांगू. खरं बोलणं, तिच्या आईने तिला तेवढं एकच दिलं होतं. पण तव्याचा तो चटका डोळ्यांपुढून हलेना. सकाळी तिने पांढरं लुगडं काढलं, त्याला इस्त्री केली आणि निघाली.

विहार भरून गेला होता. इंद्रजीत पहिल्या रांगेत, पांढरा शर्ट, भांग पाडलेला. सत्यभामाने मेणबत्त्या लावल्या, पाठीमागच्या कुलपाकडे पाहिलं नाही. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथ्याला तिचा आवाज रोजच्यापेक्षा मोठाच लागला. पाचवं झालं आणि इंद्रजीत बसल्या जागेवरून म्हणाला,

"मौसी, शील लेके बोलो. मोनाली कहाँ है, आपको मालूम है क्या?"

सत्यभामाने त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाही. मले नाही मालूम. परवापासून मी तिले पाह्यलंच नाही."

कुठेतरी कोणी खोकललं, आणि पाठोपाठ बायकांच्या रांगेत कलावतीबाईंना अशी उबळ आली की थांबता थांबेना. कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवरून हात फिरवला, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. इंद्रजीत वैतागून उठला, सत्यभामाच्या पाया पडला आणि दोस्तांना घेऊन भनपुरीकडे मोनालीची मैत्रीण राहायची, तिकडे निघून गेला. सत्यभामाच्या शब्दावर त्याने शंकासुद्धा घेतली नाही. दुपारी भाऊ आला. तीनच्या गाडीने मोनाली गोंदियाला गेली. गुरुवारी तिथून डॉक्टरच्या कागदासकट तक्रार झाली आणि इंद्रजीतला बोलावणं आलं.

आता गप्प बसली असती तर कोणाला कळलं असतं? कोणालाच नाही. पुढच्या रविवारी सत्यभामा वंदनेआधी उभी राहिली आणि कमरेची किल्ली काढून तिने मूर्तीपुढे ठेवली.

"गेल्या इतवारी मी इथंच बसून, शील घेऊन खोटं बोलली. मोनाली या भिंतीमागं होती. मीच ठेवली होती."

भैय्यालालजींचा चेहरा उतरला. "बाई, हे काय करून बसल्या तुम्ही? आता कोणत्या तोंडानं कोणाले म्हणावं, शील घेऊन सांग?"

"नका म्हणू. ती रीत मी पाडली, मीच मोडली."

"चूक तरी मानता का नाही?"

"खोटं ते खोटंच, मानते ना. पण माफी नाही मागून राहिली मी. उद्या अशी दुसरी पोट्टी आली तं पुन्हा बोलीन. म्हणून पुढं बसून तुमच्याकडून शील म्हणवून घेणं आता माझ्याच्यानं होत नाही. दुसरं कोणी बसा."

कुजबुज झाली. "बावीस वर्षांत आणखी किती बोलली असेल कोण जाणे," असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. ते तिने ऐकलं. असं ऐकायला लागणार हे धरूनच ती आली होती. मान ताठ ठेवून ती सगळ्यात मागे जाऊन बसली. तिथे कलावतीबाई एकट्याच होत्या, त्या आठवड्यात त्यांच्याजवळ कोणी बसत नव्हतं.

पुढे भैय्यालालजी अडखळत सुरुवात करू लागले. कलावतीबाई हळूच तिच्या कानाशी आल्या.

"सत्यभामा, त्या दिवशी पहिला खोकला माझा नव्हता."

सत्यभामाने मान वळवली.

"भिंतीतून आला. लग्न झाल्यापासून रात्री ऐकून राहिली, सुनेचा खोकला मले ओळखू येणार नाही? मंग मी खोकलली. माझ्याच पोराले फसवलं मी." म्हातारीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "याच्या बापानं मले मारलं तवा कोणीच नाही खोकललं, बाई."

सत्यभामाने तिचा हात धरला. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला सत्यभामाचं तोंड मिटलेलंच राहिलं. कलावतीबाईंनी तिला कोपराने ढोसलं.

"म्हण ना. मले एकटीले नाही म्हणवत."

मग दोघींनी मिळून म्हटलं.